कोंबड्याचा नफा आणि खारीची बेगमी

सागाचं एक दाट रान होतं. त्या रानात नाल्याकाठच्या एका वाकड्या झाडावर एक खार आपल्या तीन पिल्लांना घेऊन राहत असे. खार स्वभावाने फार काळजीवाली. पान पडलं तरी तिच्या छातीत धस्स होई. पिल्लू शिंकलं की लगेच त्याला सर्दी होणार, मग ताप येणार, मग काय करायचं, इथवर तिचा विचार जाऊन पोहोचे. पण मुलांनो, तुम्ही काळजी करू नका. या गोष्टीत कुणी मरत नाही, हे मी आधीच सांगून टाकते. म्हणजे तुम्हाला निवांत वाचता येईल.

त्या रानात पैसे नव्हते. पैशांच्या जागी चारोळ्या चालत. आपण खिरीत घालतो ना, त्याच चारोळ्या. त्यांची एक मोठी सोय होती. चारोळी देऊन वस्तू विकत घेता येई, आणि भूक लागली तर तीच चारोळी खाताही येई. त्यामुळे प्रत्येकाची ढोली हीच त्याची तिजोरी होती आणि तेच त्याचं स्वयंपाकघर.

तुमची दिवाळीची सुट्टी संपते ना, त्या सुमाराची ही गोष्ट. खारीने आपल्या ढोलीतली साठवण बाहेर काढली, उन्हात पसरली आणि तिच्याकडे बघत बसली. दर वर्षी एवढ्या साठवणीत थंडी आरामात निघे. पण यंदा खाणारी तोंडं तीन वाढली होती. तिने इकडून मोजलं, तिकडून मोजलं. पिल्लांनी मध्येच चार-पाच चारोळ्या तोंडात टाकल्या म्हणून पुन्हा मोजलं. कसंही मोजलं तरी थंडी सरायच्या आधी चारोळ्या सरत होत्या.

"शेवटच्या दिवसांत यांच्या पोटाला काय घालू मी?" खार कपाळाला हात लावून म्हणाली.

शेजारच्या वारुळात एक मुंगूस राहत होतं. ते ऐटीत जवळ आलं. "खारूताई, चारोळ्या ढोलीत ठेवून वाढतात होय? कुणाच्या तरी धंद्यात घाल की! मी बघ, रानकोंबड्याच्या लाडवांत भागीदार झालोय. काही करावं लागत नाही. झोपून राहायचं नि आठवड्याला आपला वाटा आणायचा."

"बुडाल्या तर?" खारीने विचारलं.

"बुडायला तो काय नाला आहे? रोज पहाटे नफा सांगतो तो, अख्खं रान ऐकतं. तुझ्याच कानात बोळे आहेत का?"

ते मात्र खरं होतं. रानकोंबडा रोज पहाटे चिंचेच्या शेंड्यावर चढून आरवत असे, "कुकूच कू! काल विकले शंभर लाडू! नफा शंभर चारोळ्या!" त्याचा आवाज असा खणखणीत की नाल्यापलीकडची भेकरंसुद्धा दचकून उठत. वानरांनी आणून दिलेल्या सुकलेल्या मोहफुलांचे लाडू करायचा तो. एका लाडवाला खर्च यायचा दोन चारोळ्या, आणि लाडू विकायचा तीन चारोळ्यांना. म्हणजे लाडवामागे एक चारोळी नफा. हिशेब अगदी सोपा. पिल्लांनाही समजेल असा.

खारीने अर्ध्या चारोळ्या पळसाच्या पानात बांधल्या, पिल्लांना "ढोलीबाहेर डोकं काढाल तर याद राखा!" असा दम दिला आणि ती चिंचेखाली गेली.

तिथे जत्रा भरावी तशी गर्दी होती. ससे होते, भेकरं होती, एक रानडुक्कर तर दोन्ही गालांत लाडू भरून तिसऱ्याकडे बघत उभं होतं. रानकोंबडा तुरा हलवत सगळीकडे फिरत होता.

"घ्या, घ्या! लाजताय काय? तुमचे किती झाले, ससोबा?"

"तीन लाडू, नऊ चारोळ्या," ससा मिशा पुसत म्हणाला. मग त्याने मागे वळून आपल्या शेपटीला हात लावला. "शेपटीची आण! वैशाखात नवी चारोळी पिकली की आणून देतो."

त्या रानाची ही जुनी रीत होती. शेपटीला हात लावून दिलेला शब्द पक्का मानायचा. शेपटीची आण घेतली म्हणजे चारोळ्या मिळाल्याच, असं सगळे धरून चालत. आता सशाची शेपटी ती केवढीशी, आणि तिच्यावर नऊ चारोळ्यांचा भार! पण रानकोंबडा खुशीत ओरडला, "नऊ आल्या!"

मग भेकराने शेपटीला हात लावला. "सहा आल्या!" मग रानडुकराने लावला. त्याची शेपटी त्यालाच लवकर सापडेना. "पंधरा आल्या!"

खारीला ती गडबड बघून फार बरं वाटलं. एवढी गिऱ्हाइकं, एवढी विक्री! ती पुढे झाली. "कोंबडेराव, मलाही भागीदार करून घ्या."

"ये, ये, खारूताई! शहाणी आहेस. ओत त्या चिंचेच्या ढोलीत. आज दहा घातल्यास तर वैशाखात पंधरा नेशील."

खार पुरचुंडी सोडून ढोलीच्या तोंडाशी गेली. पण कुठलीही आई पोरांना डोहात उतरू देण्याआधी तळ बघते. सवयच असते ती. तशी खार ओतण्याआधी आत वाकली, आणि तिला ढोलीचा तळ दिसला. चांगला स्वच्छ, झाडून ठेवल्यासारखा.

"कोंबडेराव! अहो, ढोली रिकामी आहे!"

"छे! रिकामी कशी असेल? नुसता या महिन्याचा नफा हजाराच्या वर आहे."

"मग तो दिसत कसा नाही?"

"तो गिऱ्हाइकांकडे आहे ना! चारोळ्या माझ्याच आहेत. फक्त त्यांच्याकडे आहेत."

खारीने डोळे बारीक केले. "आणि ती वानरं तुम्हाला मोहफुलं आणून देतात, त्यांना काय देता? आण?"

कोंबड्याचं तोंड जरा उतरलं. "त्यांना मेल्यांना रोख द्यावं लागतं. स्वतःची शेपटी एवढी लांब, पण दुसऱ्याच्या शेपटीवर विश्वास नाही!"

तेवढ्यात खरोखरच दोन वानरं मोहफुलांची गाठोडी घेऊन आली आणि हात पसरून उभी राहिली. कोंबडा इकडेतिकडे बघू लागला. त्याच्या नशिबाने एक घूस धापा टाकत आली. "मीपण भागीदार! मीपण!" म्हणत तिने आपलं गाठोडं ढोलीत ओतलं. तिच्या चारोळ्या नीट तळाला टेकल्याही नाहीत, तोच कोंबड्याने मोठी मूठ उचलून वानरांना दिली. उरल्या त्या मागून आलेल्या मुंगसाने उचलल्या. तो त्याचा आठवड्याचा वाटा होता. ढोलीत पुन्हा लख्ख उजेड.

खारीचं डोकं आता भराभर चालू लागलं. काळजीवाल्या माणसाचं चालतं तसं.

"कोंबडेराव, एक विचारू? लाडू जातात गिऱ्हाइकांना, आणि ढोली भरते भागीदारांच्या चारोळ्यांनी. गिऱ्हाइकांनी आजवर या ढोलीत काय टाकलं?"

"वैशाखात टाकतील की."

"मागच्या वैशाखातही नवी चारोळी आली होती. तेव्हा कोण कोण टाकून गेलं?"

कोंबड्याने पायाने माती उकरली. "दोघं-तिघं आले होते... नाही, दोघंच. पण बाकीचे काही पळून जात नाहीत. इथेच तर असतात, रोज लाडू खायला येतात!"

"मग उद्या दुप्पट लाडू विकलेत तर काय होईल?"

"दुप्पट नफा होईल!" कोंबडा छाती फुगवून म्हणाला.

"आणि वानरांना दुप्पट चारोळ्या द्याव्या लागतील. म्हणजे धंदा जेवढा वाढेल, तेवढी ढोली लवकर रिकामी होईल. माझ्या चारोळ्या आज घातल्या तर त्या संध्याकाळी वानरांच्या पोटात असतील, आणि माझी पिल्लं आण चघळत बसतील!" खारीने पुरचुंडी परत बांधली. "नको बाई. मी जाते."

मागून हशा उठला. "खार भ्याली रे, खार भ्याली!" मुंगूस तर ओरडून म्हणालं, "अगं, आपल्या सावलीवर तरी विश्वास ठेव!" खारीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पण पुरचुंडी तिने छातीशी घट्ट धरली होती. चारोळ्या हातात होत्या, हे बरं. तरी त्या कमीच होत्या, हेही होतंच.

वाटेत करवंदीच्या जाळीत एक शिंपीण राहत होती. म्हणजे आपला तो शिंपी पक्षी, पानं शिवून घरटं करतो तो. ही शिंपीण पळसाची दोन पानं घेई, मध्ये सावरीचा कापूस भरी, कडेने बारीक टाके घाली, की झाली दुलई! जाळीपाशी बुलबुल पक्षी बसून कापूस पिंजत होते. दिवस कलला होता. शिंपीण आपल्या ढोलीतून एकेकाच्या चोचीत मजुरीच्या चारोळ्या ठेवत होती.

खारीने सवयीप्रमाणे ढोलीत डोकावलं. वर जुन्या चारोळ्यांचा डाग दिसत होता, म्हणजे ढोली कधीतरी काठोकाठ भरलेली होती. आता चारोळ्या पार खाली गेल्या होत्या. आणि समोर तर एकही गिऱ्हाईक नव्हतं. इथे विक्री नाही, नफा नाही, नुसतं चाललंय बाहेर!

"अगंबाई, इथेही तेच!" असं म्हणून खार धूम पळाली.

अर्ध्या वाटेवर मात्र ती थांबली. "तिथे मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठे खरं समजलं. आणि इथे काही न विचारताच पळाले. हे काय शहाणपण झालं?" ती स्वतःवरच चिडली आणि परत फिरली.

"शिंपीणताई, राग मानू नका. तुमची ढोली उतरत चालली आहे. चारोळ्या जातात कुठे?"

शिंपिणीच्या चोचीत दोरा होता. टाका पुरा करून मगच ती बोलली. "कापसात आणि मजुरीत. सावरीची बोंडं फुटतात भर उन्हाळ्यात. तेव्हाच कापूस गोळा करावा लागतो, नाहीतर वाऱ्याने उडून जातो. मग निवडायचा, पिंजायचा, शिवायचा. आठ महिने माझी ढोली नुसती उतरते बघ."

"आणि परत येणार कुठून?"

"थंडीतून. थंडी पडली की सगळे माझ्याकडेच येतात."

"आणि शेपटीची आण देतात?"

शिंपीण एवढी हसली की तिच्या चोचीतला दोरा पडला. "आण घेऊन काय करू? दुलईत कापसाऐवजी शेपट्या भरू? माझ्याकडे एका हाताने चारोळ्या, दुसऱ्या हाताने दुलई. ज्याला नको, त्याने कुडकुडावं."

"आणि थंडी पडलीच नाही तर?"

"तर माझी पंचाईत. खोटं कशाला सांगू? पण या दुलया बघ. मागे रचून ठेवल्यात. यंदा नाही खपल्या तर पुढच्या वर्षी खपतील. कापूस काही लाडवासारखा नासत नाही."

खारीने मागे जाऊन बघितलं. खरंच, दुलयांची रास जाळीच्या छपरापर्यंत गेली होती. तिने दोन दुलया दाबून बघितल्या, एकीचे टाके ओढून बघितले, एक तर नाकाला लावून हुंगलीही. पण तेवढ्यावर विश्वास ठेवेल तर ती खार कसली! ती तिथून थेट साळिंदराच्या बिळाशी गेली. गेल्या थंडीत साळिंदराच्या अंगावर दुलई होती, हे तिला आठवत होतं.

"साळिंदरबुवा, शिंपिणीकडून दुलई घेता का हो तुम्ही?"

"घेतो म्हणजे? दर वर्षी घेतो!" साळिंदर आतूनच म्हणालं. "पांघरली की माझ्या काट्यांनी तिची चाळणी होते. माघापर्यंत नुसता कापूस उडतो बिळात. बायको रोज ओरडते. पण दुलईशिवाय झोप लागत नाही ना!"

"चारोळ्या लगेच द्याव्या लागतात?"

"अगं, लगेच म्हणजे आधी! एकदा मी म्हटलं, वैशाखात देतो. तर म्हणाली, मग वैशाखातच पांघरा."

खार पहिल्यांदाच पोटभर हसली. मग ती परत गेली आणि पुरचुंडीतल्या चारोळ्या शिंपिणीच्या ढोलीत ओतल्या. उरलेल्या अर्ध्या मात्र घरीच राहू दिल्या. धंदा कितीही चांगला असो, पिल्लांच्या तोंडचा सगळा घास कुणी बाहेर ठेवतं का? शिंपीण म्हणाली, "थंडी सरेपर्यंत तुझ्या परत देईन, आणि वर तेवढ्याच्या निम्म्या. शिवाय एक दुलई तुझ्या पिल्लांना."

मुलांनो, मोठ्या माणसांच्या कंपन्या असतात ना, त्यांच्यातही असंच असतं. कंपनी वर्षाच्या शेवटी सांगते, एवढा नफा झाला. पण तिच्याच हिशेबात आणखी एक आकडा असतो. रोजच्या धंद्यातून खरी रोकड किती आत आली, तो आकडा. कधी कधी तो उणे असतो, म्हणजे आली त्यापेक्षा जास्त बाहेर गेली. नुसतं उणे दिसलं तर कोंबडा कुठला आणि शिंपीण कुठली, हे समजत नाही. दोघांच्याही ढोल्या उतरतच होत्या. का उतरतात, ते खोदून विचारावं लागतं.

बरं, पुढे काय झालं? पुढे झालं असं की थंडी येईचना. कार्तिक गेला, मार्गशीर्ष अर्धा संपला, तरी दुपारी ऊन चटचट लागे. चिंचेवरून कोंबडा आरवे, "काल विकले दोनशे लाडू! नफा दोनशे!" आणि मुंगूस येता-जाता विचारी, "काय खारूताई, विकला का पाला?" घरातल्या चारोळ्या कमी होऊ लागल्या. खारीचा जीव टांगणीला लागला. पिल्लं झोपली की ती त्यांच्या पोटावरून हात फिरवून बघे, भरलंय की नाही. शेवटी तिला राहवेना. एके दिवशी ती शिंपिणीकडे धावत गेली.

"ताई, माझ्या चारोळ्या परत द्या. मला भीती वाटते!"

"आत बघ," शिंपीण म्हणाली.

खारीने बघितलं. ढोलीच्या तळाशी थोड्याशाच चारोळ्या होत्या.

"तुझ्या मागितल्यास तर यातल्या देते. तुझ्याच आहेत," शिंपीण म्हणाली. "पण आणखी एक बघ. इथे बुलबुल दिसतात का?"

खारीने आजूबाजूला बघितलं. एकही बुलबुल नव्हता.

"कापूस संपला, शिवण संपली. मजुरी बंद झाली. आता कितीही दिवस ऊन पडलं तरी माझी ढोली उतरायची नाही. इथून पुढे ती चढेल तरी किंवा आहे तिथे राहील. काय करायचं ते तू ठरव."

खार रात्रभर... नाही, रात्रभर नाही, ती संध्याकाळभर विचार करत बसली. दुसऱ्या दिवशी तिने गपचूप येऊन ढोलीत डोकावलं. चारोळ्या होत्या तेवढ्याच होत्या. तिसऱ्या दिवशी डोकावलं. तेवढ्याच! मग ती चारोळ्या न मागताच घरी गेली. भीती गेली नव्हती बरं का. पण ती आता कशाची आहे, हे तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेल्या भीतीबरोबर निदान जेवता तरी येतं.

आणि पौष लागला तशी थंडी आली! अशी आली, अशी आली, की नाल्याच्या पाण्यातून वाफा निघू लागल्या. सकाळी ससे उड्या मारायला निघाले ते ऊब शोधतच. भेकरांचे दात कडकड वाजू लागले. शिंपिणीच्या जाळीपुढे ही रांग लागली! रानडुकराने येऊन शेपटीला हात लावला आणि शिंपिणीने नुसत्या भुवया वर केल्या. रानडुकराने हळूच शेपटी सोडली, गालातून चारोळ्या काढल्या आणि समोर ठेवल्या. ससाही चारोळ्या घेऊन आला. म्हणजे चारोळ्या सगळ्यांकडे होत्या! पण न मागता, आणेवर काम भागत असताना, कोण कशाला देईल?

साळिंदराने यंदा दोन दुलया घेतल्या. "एक माझी, एक माझ्या काट्यांची," ते म्हणालं. संध्याकाळपर्यंत शिंपिणीच्या ढोलीतल्या चारोळ्या त्या जुन्या डागाशी येऊन पोहोचल्या.

आता चिंचेखाली काय चाललं होतं, तेही सांगते. ढोली रिकामी असते ही बातमी घुशीने सगळीकडे केली होती. घूसच ती, खालून खालून अख्ख्या रानात फिरते. नवा भागीदार येईना. वानरं येऊन हात पसरून उभी राहिली. कोंबडा म्हणाला, "शेपटीची आण!" वानरांनी गाठोडी उचलली आणि ती निघून गेली. मोहफुलं नाहीत म्हणून लाडू नाहीत. लाडू नाहीत म्हणून गिऱ्हाइकं नाहीत. कोंबडा सशांच्या दारोदार फिरला. ससे म्हणाले, "दादा, वैशाखात म्हटलं होतं ना? आता कुठे पौष आहे."

तो हिरमुसून घरी आला. रानकोंबडी पिल्लांना पंखाखाली घेऊन बसली होती.

"काही म्हण, यंदा नफा फार झाला गं," कोंबडा म्हणाला. "दहा हजारांच्या वर."

"हो का?" कोंबडी म्हणाली. "अहो, मग तो जरा इकडे आणा बघू. पिल्लं सकाळपासून भुकेली आहेत. चारते त्यांना थोडासा."

कोंबडा उठला आणि पायाने माती उकरून पिल्लांसाठी किडे शोधू लागला.

ही हकीकत खारीच्या कानावर गेली. भुकेली पिल्लं म्हटल्यावर तिला कुठलं राहवतंय! ती शेपटी फुलवून शिंपिणीकडे गेली. "ताई, नाल्यापलीकडच्या भेकरांना तुमच्या दुलयांची बातमीच नाही. आणि कोंबडेरावांइतका मोठा आवाज रानात दुसरा कुणाचा आहे?" शिंपिणीला ते पटलं. दुसऱ्या दिवसापासून कोंबडा चिंचेवर चढून दुलयांची हाळी देऊ लागला आणि संध्याकाळी मजुरीच्या चारोळ्या पंखाखाली घालून घरी जाऊ लागला. थोड्याच असत. पण कोंबडीने त्या पिल्लांना चारल्या, आणि पिल्लांची पोटं भरली. मुंगसाच्या मात्र बऱ्याच चारोळ्या बुडाल्या. ते पुष्कळ दिवस वारुळातून बाहेर आलं नाही, आणि आलं तेव्हा झोपून मिळणाऱ्या वाट्याबद्दल काही बोललं नाही.

थंडी उतरू लागली. शिंपिणीने खारीला तिच्या चारोळ्या मोजून दिल्या, वर कबूल केलेल्या निम्म्याही दिल्या. खारीच्या ढोलीत सगळ्यांना पुरून उरेल एवढी साठवण झाली. माघ गेला. पळसाला लाल फुलं आली. एका सकाळी खार बाहेरून आली तर काय! तिन्ही पिल्लांनी दुलईची घसरगुंडी केली होती, ढोलीतल्या चारोळ्या ओढून बाहेर काढल्या होत्या आणि ती त्या एकमेकांवर उधळत होती. चारोळ्या फांदीवरून टपटप खाली पडत होत्या. खारीला बघून पिल्लं जागच्या जागी थिजली. आता ओरडा बसणार!

खार सरसर जवळ आली. मग तिने खाली पडलेली एक चारोळी उचलली, मधल्या पिल्लाच्या नाकावर नेम धरून मारली आणि म्हणाली, "लागली! आता तुमची पाळी."

तात्पर्य : धंद्याचा नफा ऐकून भुलू नये, आणि ढोली उतरलेली बघून लगेच पळूही नये. आपली पुंजी कुणाच्या हाती देण्याआधी विचारावं, की धंद्यातून रोकड येते की जाते. जात असेल तर कशात जाते, कुणाकडून आणि कधी परत येते, आणि तोवर धंदा कुणाच्या जिवावर चालतो.